नऊ दिवस पाठ नाही

“रात्री किती झोपतोस?”

“तीन तास,” पद्माकर म्हणाला. “आधी चार झोपायचो.”

“मग एक तास कुठे गेला?”

“जिंकला, गुरुजी.”

धुंडिराज गुरुजींनी सुपारीचं खांड एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. “कोणाकडून?”

याचं उत्तर पद्माकरजवळ नव्हतं. पण विसाव्या वर्षी उत्तर नाही म्हणून कोणी गप्प बसत नाही.

“आळसाकडून,” तो म्हणाला.

“हं...”

कुशावलीची पाठशाळा म्हणजे नदीकाठचं एक लांबट कौलारू घर, शेणाने सारवलेली पडवी, पाच-सहा विद्यार्थी आणि सत्तरी ओलांडलेले गुरुजी. इथे पोथी उघडायची पद्धत नव्हती. गुरुजींनी म्हणायचं, ती संथा. विद्यार्थ्यांनी ते तसंच पुन्हा पुन्हा म्हणून तोंडात बसवायचं, ते आवर्तन. बापाने लेकाला शेत द्यावं तशी इथे वेदाची आख्खी संहिता एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जायची.

पद्माकरने अर्धी संहिता दुसरीकडे शिकून आणली होती. ती दोन वर्षांत केली होती. बाकीच्यांना चार लागतात. हे त्याने पडवीत पाय ठेवल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत सांगून टाकलं होतं.

“म्हणून दाखव,” गुरुजी म्हणाले आणि भिंतीला टेकले.

पद्माकरने डोळे मिटले आणि सुरुवात केली. आवाज खणखणीत होता, उच्चार स्वच्छ होते. पडवीच्या दुसऱ्या टोकाला बसलेली पोरं आपलं घोकणं थांबवून ऐकू लागली. हे त्याला मिटल्या डोळ्यांनीही कळलं आणि आवाज आणखी एक पट्टी वर गेला.

थोड्या वेळाने एक चमत्कारिक आवाज त्याच्या कानावर आला. त्याने डोळे किलकिले केले.

गुरुजींची हनुवटी छातीवर टेकली होती. ते चक्क घोरत होते.

पद्माकरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस कोसांवरून एसटीचे धक्के खात आलेल्या माणसाचा हा मान! त्याने मुद्दाम आवाज चढवला. घोरणं तसंच चालू राहिलं. त्याने आणखी चढवला.

गुरुजींचं उजवं बोट वर झालं.

पद्माकर थांबला. “काय झालं?”

“तिसऱ्यातून सातव्यात गेलास.” डोळे मिटलेलेच होते.

“शक्य नाही.”

“मागून घे.”

त्याने मागून घेतलं. म्हणता म्हणता त्याच्याच लक्षात आलं, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिसऱ्या अनुवाकातून, म्हणजे संहितेच्या तिसऱ्या तुकड्यातून, तो सरळ सातव्यात शिरला होता. मधले तीन अनुवाक गायब.

“गुरुजी, आपण झोपला होतात.”

“हो.”

“मग कळलं कसं?”

“जागा असतो तर कदाचित सुटलं असतं,” गुरुजी म्हणाले आणि आत जेवायला गेले.

त्या जागेबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिथेच घडणार आहे. एवढ्या मोठ्या संहितेत काही वाक्यं दोनदा येतात. शब्द तेच, स्वर तेच. फक्त त्यांच्या पुढे जे येतं ते वेगळं. तिसऱ्या अनुवाकात एक वाक्य आहे, तेच सातव्यात आहे. म्हणणारा तिथे पोचला आणि जरा घसरला की तिसऱ्यातून सातव्यात उडी मारतो. किंवा त्याहून वाईट... सातव्यातून परत तिसऱ्यात येतो, पुन्हा चौथा, पाचवा, सहावा करत सातव्यात पोचतो, पुन्हा तिसऱ्यात. गंमत अशी की एकही अक्षर चुकत नाही. ऐकणाऱ्यांना कळतं, म्हणणाऱ्याला कळत नाही. पाठशाळेत अशा ठिकाणांना ‘जुळी’ म्हणत.

पद्माकरला ही जुळी चांगली माहीत होती. त्याच्या घराचं वाटोळं याच जुळीने केलं होतं.

त्याचे वडील नरहर टेंबे बावीस वर्षांपूर्वी सांबेश्वराच्या देवळात, माघातल्या सभेत म्हणायला बसले होते. त्या सभेत न अडखळता म्हटलं की माणूस आयुष्यभर ताठ मानेने चालतो. नरहर सातव्यात पोचले आणि तिसऱ्यात परत गेले. एक फेरी झाली. लोक थांबले. दुसरी फेरी झाली. कोणीतरी खोकलं. तिसऱ्या फेरीला मागून हसू फुटलं आणि मग सगळी सभा हसली.

त्या दिवसापासून नरहरांनी पाठ सोडला. लग्नामुंजीत आचारी म्हणून जाऊ लागले. पण नाव काही सुटलं नाही. तेलाच्या घाण्याला जुंपलेल्या बैलासारखे गोल फिरले म्हणून लोक त्यांना ‘घाण्या’ म्हणायचे. पद्माकर सात वर्षांचा असताना एका पंगतीत कोणीतरी ओरडलं होतं, “अरे घाण्या, इकडे भात आण!” वडील हसत भात घेऊन गेले. ते हसणं पद्माकरला अजून सहन होत नव्हतं.

आणि दुपारी काम आटपलं की वडील चुलीजवळच गोणपाटावर आडवे होत आणि घोरत. झोपाळू माणूस! पद्माकरने मनाशी पक्कं धरलं होतं की हा माणूस झोपला म्हणून अडला. आपण झोपायचं नाही. त्याच देवळात, त्याच जागी बसायचं आणि ती जुळी अशी ओलांडायची की पुन्हा कोणाची ‘घाण्या’ म्हणायची छाती होऊ नये.

माघाची सभा दोन महिन्यांवर होती. घरातून निघताना वडील फक्त एवढंच म्हणाले होते, “जायचंच तर कुशावलीला जा.” का, ते त्याने विचारलं नव्हतं. वडिलांना काही विचारायची त्याला सवयच नव्हती.

“रोज तीन आवर्तनं,” गुरुजींनी सांगितलं. “चौथं नाही. दिवेलागणीनंतर पाठ नाही. अनध्यायाला तोंड उघडायचं नाही.”

अनध्याय म्हणजे अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या आणि प्रतिपदा. या तिथींना पाठशाळेत अभ्यास बंद असतो, पूर्वापार. पोरं त्या दिवशी कपडे धुतात, पोहतात, झोपा काढतात. पद्माकरने मनातल्या मनात हिशेब केला. साठ दिवसांतले पंधरा-सोळा दिवस पाण्यात!

“आमच्याकडे एवढं पाळत नसत,” तो म्हणाला.

“म्हणून इथे आलास.”

पद्माकरने वरवर मान डोलावली. रात्री मात्र घोंगडीत तोंड घालून ओठ हलवायचा. झोप आली की गार पाणी डोळ्यांना लावायचा.

दीड महिना असाच गेला. मग एका अष्टमीला बाकीची पोरं पोहायला गेली. पद्माकर मात्र नदीच्या वरच्या अंगाला, जिथे कोणी फिरकत नाही अशा पिंपळाखाली जाऊन बसला. सकाळची वेळ होती. पिंपळाची सावली पाण्यावर पडली होती. डोळे मिटून त्याने पहिल्यापासून सुरुवात केली.

आज छान लागलं होतं. एकही अक्षर अडत नव्हतं. तो स्वतःच स्वतःला ऐकत होता आणि खूश होत होता.

“कितवी फेरी?”

त्याने दचकून डोळे उघडले. खालच्या दगडावर गुरुजी पाण्यात पाय सोडून बसले होते.

चोरी पकडली गेली होती, पण पद्माकर मान खाली घालणाऱ्यातला नव्हता. “पहिलीच, गुरुजी.”

“तिसरी.”

“नाही, मी आत्ताच तर...”

“एकही अक्षर चुकला नाहीस. फार सुंदर म्हटलंस.” गुरुजी उठले, ओले पाय धोतराला पुसले. “मी पहिल्या फेरीपासून बसलोय.”

पद्माकरने पाण्याकडे पाहिलं. पिंपळाची सावली पाण्यावर नव्हती. ती त्याच्या मागे, बांधावर गेली होती.

सातव्यातून तिसऱ्यात, सातव्यातून तिसऱ्यात... आणि त्याला पत्ताही नाही. उलट आपण छान म्हणतोय असं वाटत होतं. वडिलांनाही त्या दिवशी असंच वाटत असेल का, हा विचार त्याच्या मनात पहिल्यांदाच आला, आणि त्याने तो घाईघाईने दूर सारला.

हुशार माणूस घाबरला की युक्ती काढतो. पद्माकरने काढली. तिसऱ्या अनुवाकात शिरताना अंगठा अनामिकेवर ठेवायचा, सातव्यात शिरताना करंगळीवर. जुळी आली की बोट बघायचं. मग चुकणार कसं?

दोन दिवसांनी तो गुरुजींसमोर बसला. तिसऱ्यात शिरला, अंगठा अनामिकेवर गेला. जुळी आली. त्याने बोट पाहिलं... आणि पाय घसरल्यासारखा थांबला. अंगठा बरोबर होता, पण पुढचा शब्दच येईना.

मागून घेतलं. आता जुळी यायच्या आधीच थांबला. तिसऱ्या वेळी तर दुसऱ्याच अनुवाकात अडला, जिथे तो जन्मात कधी अडला नव्हता.

“बोटं कशाला मोजतोस?” गुरुजींनी विचारलं.

“ओळखायला. दोन्ही सारखी आहेत, गुरुजी. काहीतरी खूण नको?”

“खूण बघणारा म्हणणार की म्हणणारा खूण बघणार?”

“मग मी करू तरी काय?” पद्माकरचा आवाज पहिल्यांदा फुटला. “दहा आवर्तनं करून झाली, वीस करून झाली. जितकं जास्त म्हणतो तितकं जास्त चुकतं. सभा दहा दिवसांवर आली!”

“झोप.”

“काय?”

“झोप. दिवसभर तू पोतीच्या पोती आत टाकतोस. निवडणारा नंतर येतो. या दाण्याचं घर कुठलं, त्या दाण्याचं कुठलं, ते तो बघतो. दोन वर्षं तू त्याला दारात उभा करून ठेवला आहेस.”

“कोण येतो?”

“मला कधी भेटला नाही,” गुरुजी म्हणाले. “मी तेव्हा झोपलेला असतो.”

पद्माकरला ही थट्टा वाटली आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. “झोपायचंच होतं तर मी घरी झोपलो असतो! झोप मी लहानपणापासून बघतोय. माझे वडील सबंध आयुष्य झोपले. भर दुपारी गोणपाटावर पडतात आणि घोरतात. म्हणूनच...”

तो थांबला. गुरुजी पुढे सरकले होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर काय होतं ते पद्माकरला ओळखता येईना.

“घोरतो?” गुरुजींनी विचारलं. “नरहर घोरतो?”

“आपण... ओळखता त्यांना?”

“गाढ झोपतो का? की मधेच दचकून उठतो?”

“गाढ. ढोल वाजवला तरी उठत नाहीत.”

“बरं झालं,” गुरुजी म्हणाले. “फार बरं झालं.” आणि त्यांनी उपरण्याचं टोक डोळ्यांना लावलं.

त्यांनी हात लांबवून पडवीच्या खांबाला टेकवला.

“इथे, या खांबाशी तो बसायचा,” मग गुरुजी म्हणाले. “तुझ्यापेक्षा चांगलं म्हणायचा. सभेच्या आधी मी त्याला नऊ रात्री झोपू दिलं नाही.”

पद्माकर त्या खांबाकडे वळला.

“तेव्हा माझ्या पाठशाळेतला दिवा विझत नाही असं मी चारचौघांत सांगत असे. अनध्याय गावंढळांनी पाळायचे, आम्ही नाही. नरहरची मान कलली की मी वाडग्यातलं गार पाणी त्याच्या डोळ्यांवर मारायचो. नवव्या रात्री तो रडला. झोपू द्या म्हणाला. मी म्हटलं, सभा झाल्यावर झोप.”

“बाबा अडले ते...”

“झोपला नव्हता म्हणून.”

“म्हणजे त्यांना घाण्याला आपण जुंपलंत.”

“हो.”

गुरुजींनी पुढे एक शब्द जोडला नाही. सबब नाही, काळ तसा होता वगैरे काही नाही. पद्माकरला ते ‘हो’ पचेना. भांडायला समोर भिंत असती तर बरं वाटलं असतं. तो उठला, आत गेला, कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि दारात आला.

“आणि आता मला झोपवून आपण प्रायश्चित्त घेणार?”

“माझं प्रायश्चित्त माझं मी बघेन,” गुरुजी म्हणाले. “तुझं काय ते सांगतो. सभेच्या आधीचे नऊ दिवस पाठ नाही. एकही आवर्तन नाही. मनातसुद्धा नाही. काम करायचं, जेवायचं, झोपायचं. जमणार नसेल तर वाट ही अशी नदीवरून जाते.”

नऊ दिवस! तहानलेल्याने पाण्याकडे पाठ फिरवावी तसं ते होतं. पद्माकर दारात उभा राहिला. गाठोडं खाली ठेवलं, पुन्हा उचललं. त्याला वाटलं, जावं. मग वाटलं, बाबांनी याच माणसाकडे पाठवलं. ज्याने असं केलं, त्याच्याकडे पाठवलं... काय बघून?

त्याने गाठोडं उशाला घेतलं आणि पडवीतच आडवा झाला. रागारागाने मिटलेले डोळे त्याने उघडले तेव्हा दुसरा दिवस उजाडून, पोरांची आंघोळ-संध्या आटपून, पानं वाढली होती.

पहिले तीन दिवस फार वाईट गेले. ओठ आपोआप हलायचे, तो हाताने धरायचा. चौथ्या दिवशी त्याने गोठ्याची गळकी कौलं बदलली. पाचव्या दिवशी भाजणीचं जातं ओढलं आणि बसल्या जागी झोपला. सहाव्या दिवशी त्याला असं वाटलं की डोक्यातलं सगळं निघून गेलं. जिथे संहिता होती तिथे नुसतं रिकामं अंगण.

“गुरुजी, मला काहीच आठवत नाही.”

“बघितलंस का आठवून?”

“नाही. आपण नको म्हणालात.”

“मग काही नाही हे कसं कळलं?”

सातव्या, आठव्या दिवशी त्याने भीतीसुद्धा सोडून दिली. नवव्या दिवशी गुरुजींबरोबर होडीने सांबेश्वराला निघाला, आणि होडीतही झोपला.

देवळाचा सभामंडप माणसांनी भरला होता. परीक्षकाच्या गादीवर वामनशास्त्री होते, बावीस वर्षांपूर्वीचेच. केस पांढरे झाले होते, नजर मात्र तशीच होती. त्यांनी नाव ऐकलं. “टेंबे? नरहराचा मुलगा?”

मंडपात कुजबुज झाली. कोणीतरी तो शब्द उच्चारला. अगदी हळू, पण पद्माकरला ऐकू गेला.

मागे भटारखान्याच्या दारात एक माणूस उभा होता. कमरेला पंचा, हातात झारा, अंगावर घाम. यंदाच्या सभेचा आचारी. बावीस वर्षं या देवळाची पायरी न चढलेला नरहर आज स्वयंपाकाचं काम मागून घेऊन आला होता. पद्माकरने त्यांना पाहिलं. वडिलांनी पटकन मान आत घेतली.

पद्माकरने डोळे मिटले.

पहिला शब्द आला. त्याने ओढून काढला नव्हता. त्याच्या मागून दुसरा आला. आवाज नेहमीसारखा चढला नाही, आपल्या चालीने चालत राहिला. पहिला अनुवाक झाला, दुसरा झाला. मग तो चालतच राहिला आणि एका ठिकाणी त्याच्या मनात आलं, आता तिसरा यायला हवा... तेव्हा तो आठव्याच्या मध्यावर होता.

तिसरा गेला होता. सातवाही गेला होता. त्या जुळीने या वेळी साधं बूड हलवून वाटही अडवली नव्हती.

शेवटपर्यंत म्हणून तो थांबला. पण वामनशास्त्री असं सोडणारे नव्हते.

“मी एक वाक्य देतो,” ते म्हणाले. “पुढे म्हणा.”

आणि त्यांनी तेच वाक्य म्हटलं. जुळीचं वाक्य. फक्त तेवढंच, मागचं-पुढचं काही न देता.

मंडपातले जाणते पुढे सरकले. भटारखान्याच्या दारात झारा कशावर तरी आपटला.

महिन्यापूर्वीचा पद्माकर त्या वाक्यावर तुटून पडला असता आणि जिकडे पाय गेला तिकडे घसरला असता. आज त्याने ते वाक्य ऐकलं आणि ते त्याला चक्क दोन दिसलं. एकाच तोंडवळ्याची, पण वेगवेगळ्या घरची दोन माणसं. आपण यांची गल्लत कशी करत होतो याचंच त्याला नवल वाटलं.

“कुठलं, शास्त्रीबुवा?” त्याने विचारलं. “तिसऱ्यातलं की सातव्यातलं?”

वामनशास्त्र्यांच्या भुवया वर गेल्या. “दोन्ही म्हणा.”

त्याने दोन्ही म्हटलं. आधी तिसऱ्यातलं, मग सातव्यातलं. मग शास्त्रीबुवांनी न सांगता पुन्हा एकदा, उलट्या क्रमाने. हे शेवटचं जरा मिरवण्यासाठी होतं, हे मान्य केलं पाहिजे. स्वभाव नऊ दिवसांत जात नाही.

“शब्द तेच, स्वर तेच,” वामनशास्त्री म्हणाले. “भेद कशावरून ओळखलात?”

पद्माकरने विचार केला. अंगठा नाही, बोट नाही, खूण नाही.

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे? तुम्हीच ओळखलंत ना?”

“हो. पण ते झालं तेव्हा मी झोपलो होतो.”

सगळी सभा हसली. त्याच मंडपात, तसंच मोठ्याने. पण या वेळी हसता हसता लोक उठून उभे राहिले, आणि वामनशास्त्री स्वतः गादीवरून उतरून त्याच्याकडे आले. पद्माकरची छाती अभिमानाने भरून आली. आजवर त्याने पुष्कळ अभिमान वाहिला होता. त्याचं ओझं व्हायचं. आजचा हलका होता.

लोकांच्या गराड्यातून सुटून तो मागच्या अंगणात गेला. वडील भाताच्या पातेल्याखालची लाकडं ओढत होते. डोळे लाल झाले होते. धुराचं निमित्त होतंच.

“ऐकलंत?” पद्माकरने विचारलं.

“ऐकलं.” नरहरांनी पंचाने हात पुसले. ते पुसून झाले तरी पुसतच राहिले. “असं या देवळात कोणी म्हटलं नव्हतं. माझा मुलगा म्हणून नाही सांगत. माझाच मुलगा आहेस, तरी सांगतो.”

“बाबा, तुम्ही नऊ रात्री जागलात. मला कधी सांगितलं का नाहीत? मी आपला समजत होतो की...” खाली वाकून त्याने वडिलांचे पाय धरले. त्या पायांना पिठाचा वास येत होता.

“अरे, अरे... ऊठ. एकटा कुठे जागलो मी?”

“म्हणजे?”

“नऊच्या नऊ रात्री गुरुजी शेजारी बसून होते. वाडगं धरून. मला एकट्याला जागं नाही ठेवलं त्यांनी. त्यांचीही मान कलायची, आणि मग तेच पाणी ते स्वतःच्या डोळ्यांवर मारायचे.” नरहर हसले. तेच हसणं, भात वाढायला जातानाचं. पद्माकरला आज ते पाहवलं. “म्हणून तर तुला तिथेच पाठवलं. म्हटलं, एवढं जागलेला माणूस तुला झोपू देईल.”

मागे काठीचा आवाज आला. धुंडिराज गुरुजी अंगणात आले होते. ते किती वेळचे उभे होते कोण जाणे.

बावीस वर्षांनी दोघं समोरासमोर आले. नरहर नमस्काराला वाकले. गुरुजींनी त्यांना मधेच धरलं आणि दंडाला धरून तसंच उभं ठेवलं. पातेल्यातला भात रटरटत होता...

मग गुरुजींनी एक उपडं घंगाळ पुढे ओढलं, त्यावर बसले, डोळे मिटले आणि हनुवटी छातीवर टेकवली.

“नरहर, तिसऱ्यापासून घे.”

नरहर दचकले. “काय थट्टा करता, गुरुजी? त्या दिवसानंतर एक अक्षर तोंडातून काढलेलं नाही. त्यातलं काय उरणार? रांधतो, वाढतो आणि दुपारी पडून घोरतो. बावीस वर्षं दुसरं काही केलेलं नाही मी.”

“बावीस वर्षं झोपलास,” गुरुजी म्हणाले. “आता म्हण.”